एकोणीस जणांचा उपवास

रीडिंग,
इंग्लंड,
२२ जुलै २०२५

आदरणीय रेखाकाकू,
नमस्कार.

काल संध्याकाळी मला मंडळाच्या ग्रुपमधून काढलं. त्याआधी माझा मेसेज तिथे जेमतेम चार मिनिटं होता. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. तुमचं घर माझ्या फ्लॅटपासून वीस मिनिटांवर आहे, तरी पोस्टाने पाठवते आहे, कारण मी दारात आले की तुम्ही चहा टाकाल, आणि तुमचा चहा पिऊन मला हे बोलता येणार नाही.

सहल मी सुचवली, ते मान्य. ब्रेकन बीकन्समधला तो धबधबा, ज्याच्या पाण्यामागून चालत जाता येतं, आणि नंतर कार्डिफला अबेना आंटीच्या चर्चच्या हॉलमध्ये घानाचं जेवण. आंटी म्हणजे एमएस्सी करताना मी वर्षभर जिच्या घरी भाड्याने राहिले ती, हे मी तुम्हाला एप्रिलमध्येच सांगितलं होतं. जयंतकाका अध्यक्ष, तुम्ही सेक्रेटरी. तुमचा दोघांचा होकार आल्यावरच मी तिला शब्द दिला. आपल्यात शाकाहारी माणसं आहेत म्हणून तिने दोन नवी पातेली आणली, नवे डाव आणले. काय शिजणार त्याची यादी मी मराठीत लिहून तुम्हाला दिली: टोमॅटोचा भात, चवळीची उसळ, शेंगदाण्याचा रस्सा, तळलेली केळी. चिकन आणि मासे हॉलच्या दुसऱ्या टोकाला. यादी वाचून तुम्ही म्हणालात, "अगं, हे तर आपलंच जेवण झालं की!"

शनिवारी तुम्ही दोन मोठ्या कूलबॅगा घेऊन कोचमध्ये चढलात. मला वाटलं, पाणी आणि चिवडा असेल.

जयंतकाकांनी माईक घेऊन विचारलं, "काय गं राजश्री, तिथे हत्ती-बित्ती तर नाही ना शिजवणार?" राजीवदादा मागून ओरडले, "हत्ती व्हेज असतो, काका!" सगळा कोच हसला. मीही हसले. ते हसू मला आता स्वतःच्या तोंडावरून खरवडून काढावंसं वाटतं.

धबधब्यापाशी आंटी मुद्दाम आली होती. पातेली चर्चमधल्या बायकांवर सोपवून, पहाटेपासून उभी असलेली ती बासष्ट वर्षांची बाई पुन्हा तासभर गाडी चालवत आली, कारण मी म्हटलं होतं की दगड निसरडे आहेत आणि आमच्यात वयस्कर लोक आहेत. तुमचा गुडघा दुखतो म्हणून तिने तुमचा हात धरला. पाण्याच्या आवाजात तुम्ही मराठीतच ओरडत होतात, "बाई गं, सोडू नकोस हं!" आणि ती म्हणत होती, "आय हॅव यू, माय सिस्टर." तुम्ही दोघी पाण्यामागून भिजून बाहेर आलात तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो फोटो अजून मंडळाच्या पानावर आहे.

तो हात तुम्हाला चालला. दोन तासांनी त्याच हाताने वाढलेलं चालेना.

बेचाळीस माणसांपैकी एकोणीस जण जेवायला बसले नाहीत. आंटीला सांगण्यात आलं की त्यांचा उपवास आहे. तिने विचारलं, उपवासाला काय चालतं? रताळी चालतात, शेंगदाणे चालतात. ती परत किचनमध्ये गेली. रताळी सोलली, उकडली, आलं लावून लोण्यावर परतली. फॉइलचे एकोणीस डबे भरून कोचच्या दारापर्यंत स्वतः आणून दिले. "उपाशीपोटी एवढं चालले बिचारे," म्हणाली, "उपवास सुटल्यावर खातील."

कोचमध्ये तोवर पुऱ्या आणि बटाट्याची भाजी उडाली होती.

परतताना एम-फोर हायवेवरच्या सर्व्हिसेसला चहा-कॉफीसाठी थांबलो. कॉफीचा कप टाकायला गेले तर बिनमध्ये वरच ते डबे, एका पिशवीत. एकही उघडलेला नव्हता. हात लावून पाहिलं. अजून कोमट होते.

तुम्ही आणि जयंतकाकांनी आंटीला खरं काय ते लिहावं आणि माफी मागावी. ग्रुपवरही मी हेच मागितलं होतं.

राजश्री

*

रीडिंग,
२७ जुलै

चि. राजश्री,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ह्यांना दाखवलं नाही, त्यांचं बीपी आधीच वाढलेलं आहे. ग्रुपमधून तुला मी काढलं नाही, ह्यांनी काढलं. आणि खरं सांगू, मी त्यांना थांबवलंही नाही. बेसिंगस्टोकची तीन नवीन कुटुंबं आत्ताच जॉइन झाली आहेत. "आपल्या मंडळात माणसांच्या हातचं नाकारणारे लोक आहेत" असं सेक्रेटरीच्या नावानिशी वाचून त्यांना काय वाटलं असेल?

अगं, प्रत्येकाची आपापली सवय असते. श्रीनिवासच्या आई पंच्याहत्तर वर्षांच्या आहेत. बाहेर त्या चहासुद्धा घेत नाहीत. त्यांच्यासाठी थोड्या पुऱ्या घेतल्या, मग एकाने मागितल्या, दुसऱ्याने मागितल्या. यात रंगाचा काय संबंध? आम्ही इंग्लिश लोकांच्या घरी गेलो तरी असंच करतो. डब्यांचं मला माहीत नाही. ड्रायव्हरने सीटवरचं आवरलं असेल.

आणि एक विचारते. "आंटीला सांगण्यात आलं" असं तू लिहितेस. कोणी सांगितलं? मी नाही. हे नाहीत. तू तिच्यासमोर उभी राहून म्हणालीस, "दे आर फास्टिंग टुडे." रताळी चालतात हेही तूच सांगितलंस. मग आता एकटे आम्हीच खोटारडे कसे?

शिक्षण संपवून घरी गेलीस आणि नोकरीसाठी परत इथे आलीस, तेव्हा एअरपोर्टवर कोण आलं होतं? तीन आठवडे आमच्याकडे राहिलीस. मी तुला माझा कोट दिला. तू आमच्या ओट्यावर भाकऱ्या केल्यास, त्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या, ह्यांनीसुद्धा. कधी कोणी काही म्हटलं? असल्या गोष्टी मनात असत्या तर तुला स्वयंपाकघरात येऊ दिलं असतं का?

राग शांत झाला की ये. डोसे करीन.

तुझी
रेखाकाकू

*

रीडिंग,
३० जुलै

रेखाकाकू,

हो. मी सांगितलं.

तुम्ही माझा दंड धरून म्हणालात, "तुला ओळखते ना ती, तूच सांग काहीतरी. उपवास आहे म्हण, म्हणजे तिलाही वाईट वाटायचं नाही." आणि मी गेले आणि म्हटलं. पहिल्या पत्रात हे लिहायची मला लाज वाटली म्हणून वाक्य फिरवलं. तुम्ही पकडलंत, बरं केलंत.

पण ती भाकरी. काकू, मी तुमच्या घरी भाकरी केली ती दीड वर्षापूर्वी. मी ती केव्हाच विसरले होते. तुम्ही विसरला नव्हतात. खाल्ली, काही बोलला नाहीत, आणि लक्षात ठेवलीत. "तुला स्वयंपाकघरात येऊ दिलं" हे वाक्य लिहिताना तुमचं पेन जरासुद्धा अडलं नाही?

तुमच्या घरी मी "नमस्कार" म्हणायचे. आईला फोन लागला की खोलीचं दार लावून घेऊन "जय भीम" म्हणायचे. तुम्ही कधी आडनावावरून काही विचारलं नाहीत, मी ते मोठं मन समजले. आता वाटतं, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तुम्ही स्वतःवर खूश होतात.

एक सांगते, जे मी कोणालाच सांगितलेलं नाही. माझी आई, सिंधुबाई, आमच्या गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. मी चौथीत होते. तिने काम धरलं त्या आठवड्यात सोमवारी निम्मी मुलं जेवली नाहीत. कारण काय, तर महादेवाचा उपवास. मंगळवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. आई घरी येऊन बाबांना म्हणायची, "लय देवभोळी लेकरं हायेत या गावची." तिला त्याचं कौतुक वाटायचं. मी त्याच ओळीत बसायचे. उपवासाच्या मुलांच्या डब्यांत पोळी-भाजी असायची, मला दिसायची. मी आईला सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून. दोन महिन्यांनी तिला कामावरून काढलं. खिचडी फार उरते, असं कारण दिलं. आपलं मीठ चुकत होतं असं ती आजही समजते.

मी घरातली पहिली पदवीधर. आई मोजक्या लोकांना सांगते की माझी पोरगी विलायतेत आहे, कोणाला भीत नाही. आणि कार्डिफच्या त्या हॉलमध्ये मी तेच वाक्य माझ्या तोंडाने, चांगल्या इंग्रजीत, दुसऱ्या बाईला ऐकवलं.

आता पुढचं ऐका. काल आंटीचा फोन आला. उपवासवाल्यांचं जेवण राहिलं याची तिला चुटपुट लागली आहे. तिने ३० ऑगस्टला हॉल पुन्हा घेतला आहे, फक्त त्या एकोणीस जणांसाठी. त्या दिवशी तुमच्या लोकांचा उपवास नाही ना, एवढं विचारून सांग, म्हणाली. आपले सगळे उपवास तिला कॅलेंडरवर लिहून हवे आहेत.

मी काय सांगू? यावेळी तुम्ही सांगा.

राजश्री

*

रीडिंग,
५ ऑगस्ट

चि. राजश्री,

आईचं वाचून फार वाईट वाटलं. मनापासून लिहिते. पण बाळा, ते खेड्यातलं, अडाणी लोकांचं. ते आणि हे एका तराजूत घालू नकोस. आम्ही शिकलेले लोक आहोत. आमच्या कुशच्या लग्नात त्याचे नायजेरियन मित्र पंगतीत बसून जेवले, ह्यांनी स्वतः जिलबी वाढली.

आता त्या ३० तारखेचं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "पुन्हा? ही बाई पाठच सोडत नाही!" तसं म्हणायला नको होतं, मी त्यांना बोलले. पण जायचं कसं? आत्ता श्रावण चालू आहे, आणि ३० ला तर मंडळाचा गणपती. नैवेद्य दरवर्षी मी करते. हे काही खोटं नाही, अगदी खरं कारण आहे. तू तिला एवढंच कळव की सणाचे दिवस आहेत, नंतर बघू. नंतर हळूहळू विषय मागे पडेल. तिलाही त्रास नको, आपल्यालाही नको.

खरं सांगून कोणाचं भलं होणार आहे? ती बाई आनंदात आहे. तुझं मन मोकळं व्हावं म्हणून तिला कशाला दुखवतेस?

श्रीनिवासची वरदा विचारत होती, राजश्री गणपतीच्या नाचात आहे ना? सगळ्या मुलींना तू हवी आहेस. मी ह्यांच्याशी बोलून तुला ग्रुपमध्ये परत घेते. फक्त हा विषय तिथे नको.

तुझी
रेखाकाकू

*

रीडिंग,
११ ऑगस्ट

रेखाकाकू,

मी परवा कार्डिफला जाऊन आंटीला सगळं सांगितलं.

ट्रेनमध्ये मी वाक्यं पाठ करत होते. माझ्या डोक्यात असं होतं की मी खरं सांगेन, ती रडेल, मला मिठी मारेल, आणि आम्ही दोघी मिळून तुमच्यावर चिडू. "तुझं मन मोकळं व्हावं म्हणून" असं तुम्ही लिहिलंत, त्यातलं एवढं खरं होतं.

ती ओट्याशी उभी राहून कांदे चिरत होती. मी सांगत गेले, ती चिरत राहिली. पुऱ्या सांगितल्या. बिनमधले डबे सांगितले. ती थांबली आणि तिने विचारलं,

"त्यांना कसली भीती होती? मांसाची?"

"नाही. यादी त्यांच्याकडे होती."

"मग माझी."

तिने सुरी खाली ठेवली.

"आणि तुझा उपवास नव्हता."

"नाही."

"तू जेवलीस त्या दिवशी."

"हो."

"म्हणजे तू माझ्या टेबलावर बसून माझा भात खात होतीस," ती म्हणाली, "आणि मी आत त्यांच्यासाठी रताळी सोलत होते, हे तुला दिसत होतं."

काकू, किचनचं दार उघडंच होतं. मला दिसत होतं. मी दुसऱ्यांदा भात घेतला होता.

मी म्हटलं की तुम्ही लोक पत्र लिहून माफी मागाल, मी मागायला लावेन. ती हसली नाही. म्हणाली, "तीस वर्षं हॉस्पिटलमध्ये नर्स होते. 'या नर्सने मला हात लावायचा नाही' म्हणणारे पेशंट मी पाहिलेत. नंतर त्यांच्या मुलांची सॉरीची कार्डंही आलीत. कार्ड नको. ज्याला माझं जेवण नको त्याने माझ्यासमोर उभं राहून तसं सांगावं. हॉल मी सोडणार नाही. माझी माणसं जेवतील."

मग तिने हात पुढे केला. मला आधी कळलंच नाही. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे अजून होती. राहायला होते तेव्हाची. "कधीही ये" म्हणून तिने ती परत घेतली नव्हती. मी ती काढून तिच्या हातावर ठेवली. ती म्हणाली, "आता जा. मला बोलायचं असेल तेव्हा मी फोन करीन."

अजून केलेला नाही.

तेव्हा ती आनंदात आहे, असं यापुढे लिहू नका. श्रावणाचं कारण तुमच्याकडेच ठेवा. नाचाला मी येणार नाही. आणि माझं मन मोकळं झालेलं नाही. होऊ लागलं तरी मीच ते होऊ देणार नाही.

राजश्री

*

रीडिंग,
१८ ऑगस्ट

राजश्री,

चार वेळा लिहून फाडलं.

डबे मी टाकले. ड्रायव्हरचं खोटं होतं. सीटवरचे गोळा करून पिशवीत भरले आणि सर्व्हिसेसला उतरल्याबरोबर टाकले, कारण हे म्हणाले, आल्याचा वास येतोय. एक डबा मी माझ्या पर्समध्ये ठेवला होता. हे वाचून तुला वाटेल, काकूंनी चोरून खाल्लं. नाही खाल्लं. घरी आणला, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, सकाळी तोही टाकला. ह्यांनी बघितलं असतं तर काही म्हणाले नसते कदाचित. मी विचारलंच नाही. मला कोणी अडवलं नव्हतं, हे मी स्वतःला पहिल्यांदाच सांगते आहे.

कूलबॅगाही मी आदल्या दिवशीच भरल्या होत्या. श्रीनिवासच्या आईंना चार पुऱ्या पुरतात. मी ऐंशी तळल्या.

भाकरीचंही तू बरोबर ओळखलंस. तू केलीस त्या दिवशी सासूबाईंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला होता. त्यांनी विचारलं, "भाकरी कोणी केली गं, छान फुगलीये." मी म्हटलं, मी केली. तू शेजारीच उभी होतीस. तू हसलीस. मला वाटलं, तुला गंमत वाटली.

सत्तावीस वर्षं झाली मला या देशात. पहिल्या घराच्या शेजारणीने आमच्या फोडणीच्या वासाची कौन्सिलला तक्रार केली होती. ती गोष्ट मी पन्नास जणांना सांगितली असेल. प्रत्येक वेळी शेजारीण वाईट आणि मी बिचारी.

मी ३० ला कार्डिफला येते. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "गणपतीच्या दिवशी? लोकांना काय सांगू मी?" मी म्हटलं, खरं सांगा. तेव्हापासून घरात बोलणं बंद आहे. नैवेद्य राजीवची बायको करेल. हे सोडून बाकीच्या सतरा जणांना मी फोन केले. भावना म्हणाली, बघते. इतरांनी विषय बदलला. तेव्हा मी एकटीच.

पण मला एकटीला तिच्यासमोर उभं राहायचा धीर होत नाही. तू बरोबर ये. तू तिला ओळखतेस, आधी तू थोडं बोल, वातावरण जरा हलकं कर, मग मी बोलेन. एवढं करशील ना?

रेखाकाकू

*

रीडिंग,
२२ ऑगस्ट

रेखाकाकू,

नाही करणार.

तुमचं पत्र वाचून माझा राग गेला असं समजू नका. तुम्ही खरं लिहिलंत, ते मला दिसतं. पण ऐंशी पुऱ्या वाचल्यावर मी पत्र उलटं ठेवून बराच वेळ खोलीत फेऱ्या मारत होते. आणि त्या व्हिडिओ कॉलच्या वेळी मी का हसले ते सांगते: मला तुमच्याकडे अजून दोन आठवडे राहायचं होतं.

तुमच्या वतीने मी एकदा बोलले आहे. पुन्हा बोलणार नाही. वातावरण हलकं करणार नाही. तुम्हाला इंग्रजी येतं. कौन्सिलला, शाळेला, जीपी डॉक्टरला तुम्ही सत्तावीस वर्षं व्यवस्थित सुनावत आला आहात. तिला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा आणि तुमच्याच शब्दांत सांगा. ती काय म्हणेल मला माहीत नाही. जेवायला बसवेलच असं नाही. बसवलं नाही तर "मी एवढी लांबून आले" असं म्हणू नका.

रीडिंगहून ९.४२ ची गाडी आहे, बदलावी लागत नाही. मी प्लॅटफॉर्मवर भेटेन. कार्डिफ स्टेशनपासून हॉल वीस मिनिटं चालत आहे, मध्ये चढ आहे, तुमच्या गुडघ्यासाठी सावकाश जाऊ. दारापर्यंत मी तुम्हाला पोचवेन.

तिथून पुढे तुम्ही एकट्या जा. मी बाहेर थांबेन. मला आत बोलावलेलं नाही.

राजश्री